६३ भाग न पाहता सिनेमाला जायचंय: एका एडिटरचं उत्तर

एका बाबांचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी अकरावीत आहे. तिने येत्या रविवारी सकाळची ‘डीमन स्लेयर : इन्फिनिटी कॅसल’ची दोन तिकिटं काढलीत, कोथरूडला. एक तिचं, एक बाबांचं. राक्षस मारणाऱ्या तलवारबाजांच्या ज्या जपानी कार्टून मालिकेवरून हा सिनेमा निघाला, तिचा एकही भाग बाबांनी पाहिलेला नाही. आज मंगळवार. सगळी मालिका बघणं नोकरी सांभाळून शक्य नाही. यूट्यूबवर अर्ध्या तासाचे सारांश आहेत, ते पाहावेत का तसंच जावं? ‘अडीच तास बावळटासारखं बसून राहायचं नाहीये,’ हे त्यांचे शब्द.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे सल्ला किती मनावर घ्यायचा ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. मी एडिटर आहे. बारा वर्षं मुंबईत मराठी डेली सोप कापल्या. आता दहा वर्षं पुण्यात, एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत बसून जे येईल ते कापते: मालिका, वेबसिरीज, मधूनच एखादा सिनेमा. ‘मागील भागात आपण पाहिलं’ म्हणून जी अर्ध्या-पाऊण मिनिटाची पट्टी भागाच्या आधी लागते, ती मी हजारेक वेळा तरी केली असेल. अ‍ॅनिमे, म्हणजे असली जपानी कार्टून, मी भाच्यामुळे बघायला लागले. सुरुवात नाइलाजाने केली, आता त्याच्यापेक्षा मीच पुढे आहे.

तुमचा प्रश्न माहितीचा आहे असं तुम्ही धरून चाललाय. कोण कोणाचा, काय आधी घडलं, कोण मेलं. ते कळलं की झालं, असं. माझ्या अनुभवात नवख्या माणसाचं अडतं ते माहितीवाचून नाही. एक प्रसंग सांगते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल.

एका मालिकेचा दोन तासांचा महाएपिसोड होता. आपल्याकडे मालिकेवरून सिनेमा क्वचितच निघतो, पण महाएपिसोड म्हणजे त्याचाच चुलतभाऊ समजा. घरातले आजोबा तीनेक महिन्यांपूर्वी गेलेले, आता नातीचं लग्न. सगळं वऱ्हाड बाहेर पडतं, धाकटी सून दिवा मालवायला मागे वळते आणि तिला भिंतीवरची खुंटी दिसते. रिकामी. आजोबांची काळी टोपी तिथे असायची. मी तो खुंटीचा शॉट सहा सेकंद धरला होता. डेली सोपमध्ये, जिथे बावीस मिनिटांच्या भागात सगळं कोंबायचं असतं, तिथे सहा सेकंद नुसती भिंत दाखवणं म्हणजे चैन. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही. त्याच आठवड्यात नगरहून एक नवा असिस्टंट रुजू झाला होता. त्याने मालिका पाहिलेली नव्हती. तो मागून म्हणाला, ‘मॅडम, खुंटीवर काही लावायचं राहिलंय का? व्हीएफएक्सला पाठवायचाय का शॉट?’

आम्ही हसलो. मग मी त्याला आजोबांची, टोपीची सगळी गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘अच्छा अच्छा.’ शॉट परत लावला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही त्याच्या. माहिती पोचली होती, पण खुंटी त्याच्यासाठी खुंटीच राहिली.

ते मला रात्रभर डाचत राहिलं. लग्नाचा महाएपिसोड रविवारी, म्हणजे रोज न बघणारी मंडळीही पाहणार. दुसऱ्या दिवशी मी जुनं फुटेज चाळलं आणि पहिल्याच अर्ध्या तासात एक चार सेकंदांचा तुकडा टाकला: घरातला लहान मुलगा खेळून येतो, आपली क्रिकेटची टोपी त्या खुंटीला अडकवतो, आणि आजी काही न बोलता ती काढून त्याच्या हातात देते. संवाद नाही, स्पष्टीकरण नाही. शेवटचा शॉट होता तसाच ठेवला. असिस्टंटला पहिल्यापासून पूर्ण भाग दाखवला. खुंटी आली तेव्हा तो खुर्चीत जरा मागे टेकला आणि गप्प बसला.

मालिकेवरून सिनेमा करणाऱ्याला नेमकं हेच काम करायचं असतं. मालिकेने शंभर संध्याकाळी घेऊन जे वजन तयार केलं, ते नवख्या प्रेक्षकासाठी दोन तासांच्या आतच पुन्हा तयार करायचं, आणि जुन्या प्रेक्षकाला कंटाळा येऊ न देता. ज्यांना जमतं त्यांच्या सिनेमाला तुम्ही कोरे गेलात तरी चालतं. ज्यांना जमत नाही, किंवा जे तसा प्रयत्नच करत नाहीत, तिथे खरी पंचाईत.

जमलेली उदाहरणं बघा. ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन अंतराळ-मालिकेवरचा १९८२ चा दुसरा सिनेमा, ‘द रॅथ ऑफ खान’. त्यातला खलनायक खान हा १९६७ मध्ये दाखवलेल्या मालिकेच्या एका भागातला. पंधरा वर्षांनी तो कोणाला आठवणार? सिनेमात काय केलंय, तर चेकॉव्ह नावाचा अधिकारी एका ओसाड ग्रहावरच्या पत्र्याच्या खोलीत शिरतो आणि त्याला एका पट्ट्याच्या बकलावर खानच्या अंतराळजहाजाचं नाव दिसतं. नाव वाचून तो इतका घाबरतो की सोबतच्या कॅप्टनला ओढून बाहेर पडायला बघतो. आपल्याला नाव कळत नाही, बकल कळत नाही, पण त्या माणसाचा चेहरा कळतो. भीती आधी आणि माहिती मागाहून. खान येतो आणि जुनी हकिगत स्वतःच्या तोंडाने सांगतो, तोवर आपण ऐकायला तयार झालेलो असतो. गंमत म्हणजे खान चेकॉव्हला बघताक्षणी ओळखतो. आणि मालिकेच्या त्या मूळ भागात चेकॉव्ह नव्हताच, तो नट दुसऱ्या सीझनला आला! म्हणजे तिथे गोंधळले ते पक्के चाहते. नवख्यांना काही खटकलं नाही.

किंवा ‘डाउनटन अ‍ॅबी’ या ब्रिटिश मालिकेचा २०१९ चा सिनेमा. मालिकेचे ५२ भाग आधी झालेले, वर मालक मंडळी, खाली नोकर मंडळी, वीसेक पात्रं. सिनेमा सुरू होतो एका पत्राने. राजवाड्यातून निघालेलं पत्र आगगाडीने, टपालगाडीने, मग मोटरसायकलवरून त्या हवेलीपर्यंत येतं, आधी नोकरांच्या हातात आणि मग मालकाच्या नाश्त्याच्या टेबलावर. या घरात कुठली गोष्ट कुठल्या वाटेने वर जाते ते त्या एका पत्रामागे जाता जाता समजतं. जुन्या प्रेक्षकाला वाटतं, वा, आपलं घर परत आलं. नव्याला घराचा नकाशा मिळतो. एकाच शॉटमध्ये दोघांचं काम होतं आणि दोघांनाही दुसऱ्याची अडचण कळत नाही. हेवा वाटावा असं काम आहे.

‘फायरफ्लाय’ नावाची अमेरिकन मालिका २००२ मध्ये चौदाच भागांत बंद पडली आणि २००५ मध्ये तिचा सिनेमा आला, ‘सेरेनिटी’. त्यातही सुरुवातीला कॅप्टन आपल्या अंतराळजहाजाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो, वाटेत एकेकाशी भांडतो, आणि कॅमेरा सलग त्याच्या मागे. जहाज आणि माणसं, सगळ्यांची ओळख तिथल्या तिथे. पण याच सिनेमात पुढे एक मृत्यू आहे. ज्यांनी मालिका पाहिली होती ते त्या जागी अक्षरशः हबकले. मी सिनेमा आधी पाहिला होता, मला वाटलं, अरेरे, गेला बिचारा. नंतर चौदा भाग बघून सिनेमा पुन्हा लावला तेव्हा पॉजचं बटण दाबून चहा करायला उठावं लागलं मला. तेव्हा ‘काही चुकणार नाही’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. काहीतरी चुकतंच. प्रश्न एवढाच, की जे चुकतं त्याच्याशिवाय सिनेमा उभा राहतो का.

ते कशावर अवलंबून? मुख्यतः सिनेमा मालिकेशी कुठल्या नात्याने आलाय त्यावर.

काही सिनेमे मालिकेची गोष्ट नव्याने सांगतात. नट नवे, सुरुवात पहिल्यापासून. १९९३ चा हॅरिसन फोर्डचा ‘द फ्युजिटिव्ह’ घ्या. मूळ मालिका १९६३ ते ६७, १२० भाग. सिनेमा खून, खटला, शिक्षा हे सगळं सुरुवातीला भराभर उरकून नायकाला पळायला लावतो. तो मालिकेवरून आहे हे ठाऊक नसलेले कितीतरी लोक तुम्हाला पुण्यात भेटतील. तिथे कोरं जावं, किंबहुना कोरंच जावं. ‘मिशन : इम्पॉसिबल’च्या १९९६ च्या पहिल्या सिनेमात तर मालिकेतला पथकाचा प्रमुख, लोकांचा लाडका जिम फेल्प्स, चक्क गद्दार निघतो. मालिकेच्या जुन्या प्रेक्षकांना ते फार लागलं. ज्यांनी मालिका पाहिलीच नव्हती त्यांना मस्त धक्का मिळाला, मनस्ताप नाही. नवखेपणाचा असाही फायदा असतो.

विनोदी मालिकांचं त्याहून सोपं. ‘खिचडी’चा सिनेमा २०१० मध्ये आला तेव्हा हंसाने एखादा इंग्रजी शब्द विचारायचा आणि प्रफुलने ठामपणे भलताच अर्थ सांगायचा, हे ज्याला माहीत नव्हतं त्यालाही दोन खेपांत कळलं. चाहता पहिल्या खेपेला हसतो, नवखा तिसऱ्या, इतकाच फरक. आमच्या आईच्या पिढीने दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ पाहिले, मग त्याच जोडीचा सिनेमाही आला. तेव्हा प्रत्येक घरात टीव्ही कुठे होता? मालिका न पाहिलेल्यांची तिथे गर्दीच असणार. पण चिं. वि. जोशी घराघरांत वाचलेले होते, म्हणजे ओळख पुस्तकातून आधीच झालेली. (यावरून आठवलं: कधी कधी सिनेमा मालिकेवरून आहे असं वाटतं आणि दोन्ही एकाच पुस्तकातून आलेले असतात. रजित कपूरचा गुप्तहेर ब्योमकेश दूरदर्शनवर १९९३ चा, सिनेमातला २०१५ चा. पण दोघांचेही जन्मदाते बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय. तिथे मालिका बघून जायची काहीच गरज नाही.)

एक सापळा मात्र सांगून ठेवते. मालिकेच्या ‘आधीची गोष्ट’ सांगणारा सिनेमा आला, की लोकांना वाटतं आधीची ना, मग आधी हीच बघू. ‘ट्विन पीक्स’ ही १९९०-९१ ची मालिका ‘लॉरा पामरला कोणी मारलं’ या प्रश्नावर चालली. १९९२ चा सिनेमा लॉराचे शेवटचे दिवस दाखवतो, म्हणजे खुनी कोण ते सरळ समोर. सिनेमा आधी पाहिलात तर मालिकेचं कोडंच फुटलं. त्या सिनेमाची सुरुवात टीव्हीच्या पडद्यावरच्या निळ्या मुंग्यांनी होते आणि मग तो टीव्ही कुऱ्हाडीने फुटतो. मी ती ताकीद समजते: इथून पुढे टीव्हीवाल्या सवयी बाहेर ठेवा.

आता तुमचा रविवार.

वाईट बातमी आधी. ‘इन्फिनिटी कॅसल’ वरच्या कुठल्याही सोप्या गटात बसत नाही. तो मालिकेचा सरळ पुढचा भाग आहे. मालिका २०१९ मध्ये सुरू झाली, चार सीझन मिळून ६३ भाग झाले, चौथ्या सीझनचा शेवटचा भाग जिथे संपतो तिथेच हा सिनेमा चालू होतो, आणि तीन सिनेमांपैकी हा पहिला आहे. म्हणजे सुरुवात मागे राहिलेली, शेवट पुढे गेलेला. आणि हातात १५५ मिनिटं. पत्र घेऊन कोणी मोटरसायकलवरून येणार नाही. पात्रं एकदम त्या उलट्यासुलट्या किल्ल्यात कोसळत असतात, आणि कोण कोसळतंय ते तुम्हाला माहीत आहे असं धरलेलं आहे. करणाऱ्यांनी नवख्याचा विचार केला नाही म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. त्यांनी घरच्या लोकांसाठी घरचं जेवण केलंय.

चांगली बातमी ही, की या मालिकेला एक खोड आहे आणि ती तुमच्या पथ्यावर पडणारी आहे. लढाई ऐन रंगात आली, तलवार मानेला टेकली, की गोष्ट थांबते आणि त्या पात्राच्या भूतकाळात शिरते. अगदी खलनायकाच्यासुद्धा. माझ्यासारख्या एडिटरला सुरुवातीला हे बघून घाम फुटायचा. आमच्याकडे असं केलं तर चॅनलकडून फोन येईल की ‘पेस’ का पडला. पण मूळ कॉमिकपासूनची ती रीत आहे, आणि तिचा अर्थ असा, की वजन तिथल्या तिथे तयार होतं. या सिनेमातल्या मोठ्या लढाईत अकाझा नावाच्या राक्षसाची पूर्वकथा येते. तिथे तुम्ही आणि तुमची मुलगी जवळजवळ बरोबरीने बसलेले असाल, कारण ज्यांनी फक्त मालिका पाहिलीय त्यांनाही ती गोष्ट नवीन आहे. (तिने कॉमिक वाचलं असेल तर ती तुमच्याकडे चोरून बघत बसेल, ते चालायचंच.) मालिकेवरच्या कुठल्याही सिनेमात नवख्याने अशी जागा शोधावी: जे पात्र चाहत्यांनाही नीट माहीत नाही, त्याचा हात धरावा.

आता यूट्यूबच्या सारांशाबद्दल. मी रिकॅपवर, म्हणजे त्या ‘मागील भागात’च्या पट्ट्यांवर, पोट भरलंय, म्हणून त्याच्याविरुद्ध बोलायचा मला अधिकार आहे. रिकॅप आठवण करून देतो, ओळख करून देत नाही. ज्याने खुंटीवरची टोपी शंभर वेळा पाहिलीय त्याला अर्धा सेकंद टोपी दाखवली तरी पुरते. न पाहिलेल्याला अर्धा तास टोपीबद्दल सांगितलं तरी त्याचा तो नगरचा असिस्टंट होतो: अच्छा अच्छा. शिवाय सारांशात सगळे मृत्यू, सगळे गौप्यस्फोट एकामागून एक येतात, म्हणजे उद्या कधी मालिका बघावीशी वाटली तर तोही आनंद गेला. आणि सलग चाळीस जपानी नावं ऐकून माणूस आहे त्यापेक्षा जास्त गोंधळतो, हे वेगळंच.

त्याऐवजी मी काय करेन ते सांगते. मला मंगळवार ते शनिवार मिळाले, तर मी चार गोष्टी बघेन, सगळ्या मिळून साडेतीन-चार तासांच्या.

पहिल्या सीझनचा पहिला भाग, वीस-बावीस मिनिटांचा. कोळसा विकणारा एक मुलगा, तांजिरो, घरी येतो तर घर उद्ध्वस्त, एकटी बहीण वाचलेली आणि तीही राक्षस होत चाललेली. तिला मारायला तलवार घेऊन जो येतो तो गियू. रविवारच्या सिनेमात अकाझासमोर जे दोघं उभे राहतात ते हेच, तांजिरो आणि गियू. बर्फातली ती पहिली भेट पाहिलेली असली की त्यांना खांद्याला खांदा लावून बघताना तुमच्याकडेही थोडी का होईना आठवण असेल.

मग ‘मुगेन ट्रेन’, २०२० चा सिनेमा, दोन तासांना तीन मिनिटं कमी. हा पहिल्या सीझनच्या २६ भागांनंतर येतो, तरी मी तो बिनधास्त सुचवतेय, आणि कारण माझ्या धंद्यातलं आहे. त्याचा खरा नायक रेंगोकू. मालिकेत तोवर तो अगदी थोडा वेळ, सीझनच्या शेवटाकडे दिसलेला. म्हणजे सिनेमा करणाऱ्यांकडे त्याच्यासाठी जमलेली माया नव्हतीच. त्यांना ती त्या दोन तासांत उभी करावी लागली, खाण्यापासून हसण्यापर्यंत. आजोबांची खुंटी आणि नातवाची टोपी दोन्ही त्याच सिनेमात आहेत. आणि शेवटच्या भागात जो येतो तो अकाझा. त्या रात्री काय होतं ते सांगत नाही, पण रविवारी तांजिरो त्याला बघून जसा पेटतो, त्याचा हिशोब इथे लिहिलेला आहे.

तिसरा, पहिल्या सीझनचा सतरावा भाग. झेनित्सु नावाचा पिवळ्या केसांचा रडका मुलगा, सतत घाबरलेला, चीड आणणारा. या भागात तो आणि त्याचे म्हातारे गुरू. सिनेमात त्याची एक छोटी लढाई आहे, ती त्या गुरूंवरूनच आहे. वेळ कमी पडला तर हा गाळा.

आणि शनिवारी रात्री चौथ्या सीझनचा शेवटचा भाग. यातलं निम्मं कळणार नाही, नाही कळू दे. आदल्या रात्री लोक कुठे उभे होते एवढं बघून ठेवायचं.

नियम विचाराल तर दोन मिनिटांत सांगते. राक्षस उन्हाने मरतात किंवा खास धातूच्या तलवारीने मान उडवली तर. त्यांचा धनी मुझान. त्याच्या हाताखाली बारा निवडक, त्यांत वरच्या श्रेणीचे सहा सगळ्यांत घातक. माणसांच्या बाजूला सर्वांत वरचे नऊ तलवारबाज, त्यांना ‘हाशिरा’ म्हणजे खांब म्हणतात. गियू त्यातला एक, रेंगोकूही. बास. रक्त भरपूर आहे, माना उडतात. त्याची तयारी ठेवा.

थिएटरमधल्या दोन बारीक गोष्टी. तिकिटं जपानी आवाजाची असली तर सबटायटल्स इंग्रजी असणार, आणि वाचता वाचता चेहरे निसटतात. अ‍ॅनिमेचे चाहते हिंदी डबिंगला नाक मुरडतात, पण पहिल्यांदा बघणाऱ्याने हिंदी शो पकडला तर मी त्याला नावं ठेवणार नाही. तुमची तिकिटं निघालेली आहेत, तेव्हा जपानी असेल तर एक करा: लढाई चालू असताना खाली वाचू नका. तिथे ओरडून सांगितली जाणारी बरीचशी वाक्यं त्या डावाचं नावच असतात. शांत प्रसंगात वाचा. दुसरं म्हणजे मध्यंतर. परदेशी सिनेमात ते नसतंच, आपले लोक सोयीने कुठेतरी पाटी लावतात, आणि दर वेळी ती चुकीच्या जागी पडते असं मला वाटतं. पण तुमच्यासाठी ती दहा मिनिटं सोन्याची. शंका तोवर राखून ठेवा. अंधारात ‘हा कोण गं?’ विचारलंत, की उत्तर देण्यात तिचा शॉट जातो, ऐकण्यात तुमचा, आणि मागच्या रांगेतला मुलगा ‘शूऽऽ’ करतो तो वेगळा.

तुमचा स्वभाव मला माहीत नाही. काही माणसांना धागा सुटला की चीड येते, काहींना नुसती चित्रं बघूनही मजा येते. तुम्ही पहिल्यातले असाल तर वरच्या चारांतला एकही गाळू नका. दुसऱ्यातले असाल तर पहिला भाग आणि ‘मुगेन ट्रेन’ पुरे. ही मालिका काढणाऱ्या स्टुडिओने आग आणि पाणी असं काही काढलंय, की गोष्ट कळली नाही तरी पैसे वाया गेले असं वाटत नाही.

आणि माझी यादी पाळाच असं नाही. त्यातला एक भाग काढून तिथे मुलीला तिच्या आवडीचा एक भाग लावायला सांगा. ‘सिनेमा कळायला कुठला लागेल’ असं विचारू नका, ती बिचारी बारा भागांची यादी देईल. ‘तुला सगळ्यांत जास्त कुठला आवडतो’ असं विचारा, आणि तो तिच्या शेजारी बसून बघा. ती कुठे मोबाइल खाली ठेवते ते बघा. माझा भाचा एका अगदी साध्या प्रसंगात दर वेळी गुडघे पोटाशी घेऊन बसतो. मला त्या पात्राबद्दल आधी काही वाटत नव्हतं, आता तो प्रसंग आला की माझेही पाय आपोआप वर जातात.

‘मुगेन ट्रेन’ मात्र दोघांनी मिळूनच बघा, बुधवार-गुरुवारकडे, जेवणं उरकल्यावर. अकाझा पहिल्यांदा जवळून दिसेल तेव्हा तिला पॉज करायला सांगा आणि विचारा, याच्या डोळ्यांत काय लिहिलंय? एका डोळ्यात त्याची श्रेणी आहे, दुसऱ्यात आकडा तीन. पुढची पंधरा मिनिटं सिनेमा काही सुरू होणार नाही, तेवढी झोप कमी धरून चाला.